लहानपणीच हार्टचं ऑपरेशन झालं, मग मोठेपणी हार्ट फेल्युअर का होतं?

"लहानपणी हृदयाला छिद्र होतं, ऑपरेशन झालं, आता काही नाही." असं सांगणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल. छिद्र होतं हे खरं, ऑपरेशन झालं हेही खरं. अडचण आहे ती 'आता काही नाही' या शब्दांत.

साधं छिद्र वेळेवर बंद झालं असेल, तर बहुतेकांचं आयुष्य इतरांसारखंच जातं. पण गुंतागुंतीचा दोष असलेल्यांचं हृदय ऑपरेशननंतरही पूर्णपणे सामान्य होत नाही. ते चालू लागतं, वर्षानुवर्षं साथ देतं आणि मग पंचविशीत, तिशीत किंवा चाळिशीत हळूहळू थकायला लागतं. ही थकवा येण्याची प्रक्रिया वेळेत ओळखली तर बरंच काही करता येतं. ती ओळखली कशी जाते आणि अनेकदा ओळखली का जात नाही, ते समजून घेऊया.

हार्ट फेल्युअर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'हार्ट फेल होऊन गेले' असं म्हणतात, तेव्हा माणूस अचानक गेला असा अर्थ असतो. डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात तेव्हा त्यांना वेगळं सांगायचं असतं. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, किंवा ते ढकलताना हृदयाच्या आतला दाब खूप वाढतो, अशी ही अवस्था असते. हृदय बंद पडलेलं नसतं, ते कमी पडत असतं.

हा हार्ट अटॅकही नव्हे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. हार्ट फेल्युअरमध्ये पंपाची ताकद आणि त्यावरचं ओझं यांचं गणित बिघडतं. हे बिघडणं बहुतेकदा महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं चालू असतं.

किती जणांचा हा प्रश्न आहे?

जगभरात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळं जन्माला येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यातल्या सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षातच उपचारांची गरज असते.

श्रीमंत देशांमध्ये आता अशा बाळांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मोठेपणापर्यंत पोहोचतात. अमेरिकेसारख्या देशात तर जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपेक्षा प्रौढांची संख्या जास्त झाली आहे. एकेकाळी निव्वळ बालरोगतज्ज्ञांचा असलेला हा विषय आता मोठ्यांचा झाला आहे.

मधुबालाच्या काळात काय होतं?

ऑपरेशन उपलब्ध नसण्याचा अर्थ काय, हे समजायला मधुबालाचं उदाहरण पुरेसं आहे. १९५४ साली मद्रासमध्ये चित्रीकरण सुरू असताना तिला रक्ताची उलटी झाली आणि हृदयाला छिद्र असल्याचं निदान झालं, असं तिच्या चरित्रांमध्ये नोंदलेलं आहे. त्यानंतरही ती काम करत राहिली. १९६० साली 'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला. त्याच सुमारास लंडनला तपासणी झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करायला नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुंबईत तिचं निधन झालं. छत्तिसावा वाढदिवस होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

योगायोग असा, की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र उघड्या हृदयावर पहिल्यांदा बंद केलं गेलं तेही १९५४ सालीच, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात. वॉल्टन लिलेहाय या सर्जननी ते केलं. त्या वेळी मुलाचं रक्त फिरतं ठेवण्याचं काम यंत्राने नाही, तर शेजारी झोपवलेल्या वडिलांच्या शरीराने केलं होतं. त्याआधी दहा वर्षं, १९४४ साली बाल्टिमोरमध्ये हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि विवियन थॉमस यांनी निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी पहिलं ऑपरेशन शोधलं होतं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फाँतां यांनी १९६८ साली पंपाचा एकच कप्पा नीट असलेल्या हृदयासाठी नवा मार्ग काढला.

या ऑपरेशनांनी लाखो मुलं वाचली. ती मुलं मोठी झाली, तेव्हा डॉक्टरांना पुढची गोष्ट कळली. दुरुस्त केलेल्या हृदयाचंही एक वय असतं.

दुरुस्त केलेलं हृदय थकतं का?

त्यासाठी हृदयाची रचना थोडक्यात आठवू. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवते. हा जवळचा आणि कमी दाबाचा रस्ता. डावी बाजू शुद्ध रक्त सगळ्या शरीराला पाठवते. तिचा दाब उजवीच्या सुमारे पाचपट असतो, म्हणून तिच्या भिंती जाड असतात. जन्मजात दोषात या कामाची वाटणी बिघडते. ती कशी बिघडली, त्यावर पुढे काय होणार हे ठरतं.

एक, न बुजवलेलं किंवा उशिरा बुजवलेलं छिद्र. छिद्रातून डावीकडचं रक्त उजवीकडे जातं. उजव्या बाजूला आणि फुफ्फुसांना जास्तीचं रक्त हाताळावं लागतं. वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र अनेकदा लहानपणी काहीच त्रास देत नाही. तिशी-चाळिशीत दम लागतो किंवा गरोदरपणात इको काढला जातो, तेव्हाच ते पहिल्यांदा सापडतं. तोवर उजवी बाजू फुगलेली असते.

छिद्र मोठं असेल आणि खालच्या कप्प्यांमध्ये असेल तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक होत जातात. एका टप्प्यावर दाब इतका वाढतो की प्रवाहच उलटा होतो, अशुद्ध रक्त शरीरात मिसळतं आणि ओठ-नखं निळी दिसू लागतात. याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. या टप्प्यावर छिद्र बंद करता येत नाही, कारण तेच छिद्र उजव्या बाजूचा दाब थोडा हलका करत असतं. मग फुफ्फुसांचा दाब कमी करणाऱ्या गोळ्यांवर भर द्यावा लागतो.

दोन, गळणारी झडप. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा निळ्या बाळांमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष. ऑपरेशनमध्ये छिद्र बुजवतात आणि फुफ्फुसाकडे जाणारा अरुंद रस्ता मोठा करतात. तो मोठा करताना तिथली झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, बहुतेकदा नीट मिटेनाशी होते. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं. मूल खेळतं, शाळेत जातं, नोकरीला लागतं. दरम्यान वीस-तीस वर्षं उजवा कप्पा मोठा होत राहतो. योग्य वेळी नवी झडप बसवली तर तो सावरतो. फार उशीर झाला तर झडप बदलूनही ताकद पूर्ण परत येत नाही.

तीन, चुकीच्या जागी लागलेला कप्पा. काही बाळांमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. यासाठी १९६० आणि ७० च्या दशकांत सेनिंग आणि मस्टर्ड या नावांची ऑपरेशनं होत. त्यात रक्ताचा प्रवाह हृदयाच्या आतच वळवला जायचा. मूल वाचायचं, पण जन्मभर शरीराला रक्त पुरवण्याचं काम उजव्या, पातळ भिंतीच्या कप्प्यावर पडायचं. अशा अनेकांमध्ये तिशी-चाळिशीनंतर हा कप्पा कमी पडू लागतो. आता वाहिन्याच मूळ जागी बसवण्याचं ऑपरेशन केलं जातं. ते पहिल्यांदा १९७५ साली ब्राझीलमध्ये आदिब जतेने यांनी यशस्वी केलं.

चार, एकाच पंपावर चालणारं हृदय. फाँतां पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये शरीरातून परत येणारं अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुफ्फुसांत सोडलं जातं. एकुलता एक चांगला कप्पा शरीरासाठी राखून ठेवतात. मात्र पंप नसल्यामुळे शिरांमधला दाब कायम वाढलेला राहतो. त्याचा भार यकृतावर येतो, पोटात पाणी साचतं, काहींच्या आतड्यांतून प्रथिनं वाहून जातात. इथे हृदयाचा ठोका इकोवर ठीक दिसत असतानाही माणूस हार्ट फेल्युअरमध्ये असू शकतो.

या चारही प्रकारांत एक समान धोका आहे. ऑपरेशनच्या जुन्या व्रणाभोवती विजेचा प्रवाह गोल फिरू लागतो आणि ठोके अचानक जलद होतात. कधी कधी छातीतली ही धडधड हीच हृदय थकत असल्याची पहिली खूण असते.

बसवलेल्या भागांनाही आयुष्य असतं. अभिनेता आर्नोल्ड श्वार्झनेगर यांना जन्मतः महाधमनीच्या झडपेत दोष होता. १९९७ साली त्यांचं ऑपरेशन झालं. २०१८ साली त्या वेळी बसवलेली फुफ्फुसाकडची झडप बदलावी लागली आणि २०२० साली महाधमनीची झडपही बदलली गेली. त्यांना हार्ट फेल्युअर झालं म्हणून हे सांगत नाही. वेळच्या वेळी तपासणी आणि दुरुस्ती म्हणजे काय, ते यातून दिसतं.

मग लक्षणं उशिरा का कळतात?

कारण या माणसांनी 'नॉर्मल' म्हणजे काय हे कधी अनुभवलेलंच नसतं. लहानपणापासून जिना हळू चढायची सवय असते. खेळाच्या तासाला बाजूला बसायची सवय असते. "मला काही त्रास नाही" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांची ट्रेडमिलवर नीट चाचणी घेतली, की त्यांची क्षमता त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांपेक्षा बरीच कमी निघते.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न 'मला दम लागतो का?' हा नाही. प्रश्न असा: मागच्या दिवाळीत जे सहज जमत होतं, ते या दिवाळीत जमतंय का? रेल्वेचा पूल एका दमात चढता येतो का? पाण्याची बादली उचलून नेताना मध्ये थांबावं लागतं का?

या खुणांकडे लक्ष ठेवा:

• पूर्वीपेक्षा लवकर धाप लागणं, सपाट झोपल्यावर गुदमरल्यासारखं वाटणं, जास्तीची उशी लागणं
• संध्याकाळी पाऊल आणि घोट्यावर सूज, मोज्याचा वळ उमटणं
• दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं
• पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटणं, भूक जाणं
• छातीत धडधड, चक्कर, शुद्ध हरपणं
• ओठ किंवा नखं निळसर दिसणं

पोटाच्या तक्रारींमध्ये फसगत जास्त होते. उजवी बाजू कमी पडली की सूज पोटात आणि यकृतात येते. रुग्ण अॅसिडिटीच्या गोळ्या घेत राहतो आणि मूळ कारण मागे पडतं. शुद्ध हरपली, किंवा धडधड सुरू होऊन थांबतच नसेल, तर वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

तपासणीत काय करतात?

ईसीजी आणि टू-डी इको ही सुरुवात. उजव्या कप्प्याचा आकार इकोवर नेमका मोजणं अवघड असतं, म्हणून हृदयाचा एमआरआय लागतो. चालताना किंवा सायकल मारताना श्वासातला ऑक्सिजन मोजणारी चाचणी खरी क्षमता दाखवते. रक्तातल्या बीएनपी या घटकावरून हृदयावरचा ताण कळतो.

या सगळ्यांत महत्त्वाची असते ती तुलना. या रुग्णांसाठी एकच एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तुमच्याच आकड्यापेक्षा आजचा आकडा किती बदलला, यावर निर्णय होतात. जुने रिपोर्ट नसतील तर ही तुलनाच करता येत नाही.

उपचार काय आहेत?

पहिला प्रश्न असतो, की दुरुस्त करण्यासारखं काही राहिलंय का? उरलेलं छिद्र, गळणारी झडप, अरुंद झालेली वाहिनी, बिघडलेला ठोका. यातल्या अनेक गोष्टी आता छाती न उघडता करता येतात. फुफ्फुसाकडची झडप मांडीच्या शिरेतून नेऊन बसवण्याची पद्धत २००० साली फिलिप बोनहोफर यांनी पहिल्यांदा वापरली. ती सगळ्यांना लागू पडत नाही, पण ज्यांना लागू पडते त्यांचं एक मोठं ऑपरेशन टळतं.

औषधांची गोष्ट थोडी वेगळी आहे. हार्ट फेल्युअरची नेहमीची औषधं मोठ्या चाचण्यांमधून सिद्ध झाली, पण त्या चाचण्यांमध्ये बहुतेक रुग्ण डावा कप्पा कमजोर झालेले, वयस्कर लोक होते. जन्मजात दोषवाले त्यात जवळजवळ नव्हते. त्यामुळे उजव्या कप्प्यावर किंवा एकाच कप्प्यावर जगणाऱ्यांसाठी तीच औषधं तितकीच उपयोगी पडतील, असं गृहीत धरता येत नाही. सूज कमी करणारी लघवीची गोळीही फाँतां झालेल्या रुग्णाला जास्त झाली, तर रक्तप्रवाह घटतो. शेजारच्या काकांना लागू पडलेली गोळी म्हणूनच तुम्ही घ्यायची नाही.

याशिवाय पेसमेकर, धोकादायक ठोके थांबवणारं उपकरण आणि शेवटच्या टप्प्यात हृदय प्रत्यारोपण हे मार्ग आहेत. आधीच्या ऑपरेशनांमुळे छातीत चिकटलेले भाग आणि बदललेली रचना यांमुळे अशा रुग्णाचं प्रत्यारोपण जास्त अवघड असतं. म्हणून त्याची चर्चा अगदी अखेरीस नव्हे, थोडी आधीच व्हायला हवी.

लग्न आणि गर्भधारणा

आपल्याकडे हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. मुलीचं ऑपरेशन झालंय हे स्थळ बघताना लपवलं जातं, छातीवरचा व्रण झाकला जातो आणि कधी कधी फाइलच नाहीशी केली जाते. मग गरोदरपणात डॉक्टरांच्या हाती काहीच नसतं.

गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. निरोगी हृदय हे पेलतं. दुरुस्त केलेलं हृदयही बऱ्याचदा पेलतं, साधा दोष नीट बुजवलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणं सुरळीत होतात. पण आयझेनमेंगर सिंड्रोममध्ये गर्भधारणा आईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ती टाळण्याचाच सल्ला दिला जातो. आपण नेमक्या कोणत्या गटात आहोत, हे गर्भ राहण्याआधी तपासून घ्यायचं असतं. गर्भनिरोधक गोळीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये, काही गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

अठरानंतर रुग्ण हरवतात कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन पथकं मुलांची तपासणी करतात, हृदयदोष सापडला तर पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. अनेक कुटुंबांना मुलाच्या हृदयाचा दोष या तपासणीतच कळला. पण कार्यक्रमाची वयोमर्यादा १८ वर्षांची आहे. २०१३ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज विशी ओलांडलेलं आहे.

अठरानंतर बालहृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा बराचसा दिवस अँजिओप्लास्टी आणि ब्लड प्रेशरमध्ये जातो. शिक्षण, नोकरी, स्थलांतर यांत फाइल गावी राहते. आणि त्रास तर काहीच नसतो.

हा निव्वळ पैशांचा प्रश्न नाही. सरकारी खर्चाने उपचार मिळणाऱ्या कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहानपणी निदान झालेल्या ६१ टक्के जणांची अठराव्या वाढदिवसानंतर हृदयतज्ज्ञांकडे तपासणीच झाली नसल्याचं दिसलं. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत अशा प्रौढांच्या मृत्यूंपैकी २६ टक्के मृत्यूंचं कारण दीर्घकालीन हार्ट फेल्युअर होतं. अचानक मृत्यूचं प्रमाण १९ टक्के होतं.

आज काय करता येईल?

फाइल शोधा. दोषाचं नाव, ऑपरेशनचं नाव, तारीख, रुग्णालय, डिस्चार्ज कार्ड, बसवलेल्या झडपेची किंवा उपकरणाची माहिती, शेवटचा इको. सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा. फाइल हरवली असेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा.

योग्य डॉक्टर शोधा. 'प्रौढांमधले जन्मजात हृदयदोष' बघणारं क्लिनिक जवळ आहे का, हे तुमच्या जुन्या बालहृदयरोगतज्ज्ञांना विचारा. गुंतागुंतीचा दोष असेल तर साधारण वर्षातून एकदा, साधा असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वर्षांनी तपासणी हवी. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची प्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

दात जपा. हिरड्यांतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसले तर ती खराब होते. दाताच्या कोणत्याही कामाआधी आणि कुठल्याही ऑपरेशनआधी हृदयाचा इतिहास सांगा. काहींना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

हृदय थकल्याचं निदान झालं असेल तर मीठ मोजून खा. पापड, लोणचं, फरसाण, खारवलेली मासळी यांतलं मीठ आपण धरतच नाही. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, त्या टाळा. व्यायाम मात्र बंद करू नका. 'पळू नकोस' हा लहानपणीचा सल्ला जन्मभर लागू नसतो. तुमच्यासाठी किती चालणं, किती सायकल योग्य, हे चाचणी करून ठरवता येतं.

आणि तुम्ही आई-बाबा असाल, तर मुलाला त्याच्या दोषाचं नाव सांगा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते कळतं. 'छिद्र होतं' एवढंच माहीत असलेला तरुण नव्या शहरात, नव्या डॉक्टरांपुढे फारसं काही सांगू शकत नाही. आपल्या ऑपरेशनचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख माहीत असलेला तरुण मात्र वेळेवर तपासणीला पोहोचतो.